जिवंत लाकडापर्यंत

भिकाजी रेवाळेला गप्प बसवायची ताकद फक्त आंब्याच्या कलमात होती. एरवी माणूस भलताच तोंडाळ. पालीच्या बाजारात, एसटीत कंडक्टरशी, घरी बायकोशी, त्याच्या तोंडाचा पट्टा कुठेही सुरूच. पण एकदा का खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, शेंड्याला उभी चीर पाडून तो वर बसवायच्या काडीला पाचरीचा आकार द्यायला लागला, की पुढची दोन मिनिटं हूं नाही की चूं नाही. पालीजवळच्या एका नर्सरीत चाळीस पावसाळे त्याने असे गुडघ्यांवर बसून काढले होते. शंभर कलमं बांधली तर त्यातली नव्वद जगायची. लोक नर्सरीत येऊन 'भिकाजीच्या हातचं द्या' म्हणून मागून न्यायचे, आणि ते ऐकलं की हा दिवसभर फुगून बसायचा.

तो भिकाजी त्या मार्चमधल्या सकाळी रत्नागिरीच्या एका इस्पितळात, संगणकाच्या पडद्यासमोर चाकाच्या खुर्चीत बसून होता आणि पाच मिनिटं झाली तरी एक अक्षर बोलला नव्हता. त्याची बायको मालन मागे उभी होती. तिला त्या पडद्यापेक्षा नवऱ्याच्या गप्प बसण्यानेच जास्त धडकी भरली.

पडद्यावर त्याचा स्वतःचा कणा होता. माणूस आयुष्यभर ज्याच्या जोरावर उभा राहतो ते त्याला कधी दिसत नाही. भिकाजीला अठ्ठावन्नाव्या वर्षी ते दिसलं आणि तो हरखून बघतच राहिला. एकावर एक रचलेले मणके, दोहोंमध्ये एकेक मऊ गादी, मागून उतरत गेलेली मज्जारज्जूची करडी दोरी. इतकं नेटकं काम आपल्या पाठीत होतं आणि आपण त्यावर आंब्याचे खोके वाहिले, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. मग त्याची नजर कमरेच्या जरा वर थांबली. तिथल्या दोन मणक्यांच्या कडा वाळवीने खाल्ल्यासारख्या दिसत होत्या. मधली गादी तर नाहीशीच झाली होती.

"ह्ये कुनी खाल्लान?" त्याने विचारलं.

"जंतूंनी," डॉक्टर म्हणाल्या. "कुठल्या, ते मला अजून कळलेलं नाही."

डॉ. अक्षया सुर्वे मणक्यांच्या शल्यचिकित्सक होत्या. वय पस्तिशीचं, बांधा लहानखुरा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. भिकाजीने आत येताना त्यांना बघून मालनच्या कानात विचारलं होतं, "ही पोर माजी पाठ उघडनार?" आणि ते त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं, किंवा घेतलं असलं तरी दाखवलं नव्हतं.

दुखणं सुरू झालं होतं ऑक्टोबरात. आधी तेल झालं, शेक झाला, ओळखीच्या एकाने पाठीवर पाय देऊन झालं. मग एका डॉक्टरांनी फिल्म बघून हाडाचा टीबी असल्याचं सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. त्यांचंही फार चुकलं म्हणता येत नाही. आपल्याकडे असा खाल्लेला मणका दिसला की बहुतेक वेळा तो टीबीच निघतो. भिकाजीने चार महिने इमानेइतबारे गोळ्या घेतल्या. तरी संध्याकाळचा ताप हटेना, वजन उतरत गेलं. आणि आठ दिवसांपूर्वी मालनने पाहिलं, की नवऱ्याची एक चप्पल पायरीपाशी पडली आहे आणि हा एका अनवाणी पायाने भर उन्हात तापलेल्या कातळावरून चालला आहे. तिने हाक मारली तेव्हा त्याने खाली बघितलं. चप्पल निघाल्याचं त्याला कळलंच नव्हतं. चौथ्या दिवशी तो उभाच राहू शकला नाही.

"आतला पू मज्जारज्जूवर दाबतोय," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून पाय गेले."

"गेले म्हंजे? परत येतील ना?"

"लवकर उघडून साफ केलं तर आशा आहे. थांबलो तर येणार नाहीत. पण केलं तरी येतीलच असा शब्द मी देणार नाही, काका."

भिकाजीने आपल्या मांड्यांकडे पाहिलं. कुणा दुसऱ्याच्या मांड्या आणून ठेवाव्यात तशा त्या खुर्चीत पडल्या होत्या. पाय नसतील तर गुडघे टेकायचे कशावर? आणि गुडघे टेकता येत नसतील तर कलम कसलं बांधणार? त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. मुंबईला जाऊन दोन वर्षांत परत आलेला माणूस तो.

"पाठीत सुरी लागली की मानूस उठत नाय म्हंतात," मालन चाचरत म्हणाली. "आमच्या शेजारची दमयंती सांगत व्हती."

"काही उठत नाहीत, खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे आत्ताच उठत नाहीयेत."

डॉक्टरांनी कागदावर दोन चौकोन काढले आणि काय करणार ते सांगायला लागल्या. पाठीमागून जायचं, पू काढायचा, सडलेलं हाड खरवडून टाकायचं. तिथे जी पोकळी होईल, तिच्यात कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा. आणि तो धरेपर्यंत वर-खाली स्क्रू मारून सळ्यांचा आधार द्यायचा.

भिकाजीने मान वर केली. "कुनाच्या कमरेच्या?"

"तुमच्याच."

"माज्याच हाडाचा तुकडा काडून माज्याच पाठीत लावनार? आनि तो लागतो?"

"लागतो. तीन-चार महिने घेतो, पण लागतो."

भिकाजी खुर्चीत पुढे झुकला, म्हणजे जितकं झुकता येत होतं तितकं. मालनला त्याचा हा चेहरा ओळखीचा होता. नर्सरीत नवा कोणी कलमं बांधायला आला, की त्याची परीक्षा घेताना तो असा दिसायचा.

"तुकडा कापल्यावर किती येल उगडा ठेवता?"

"ठेवत नाही. आतली जागा पूर्ण तयार झाली की मगच काढते. सुकता कामा नये."

"आनि जागा हालली तर?"

"हलली तर हाड धरत नाही. म्हणून तर स्क्रू आणि सळ्या."

"म्हंजे बांदनी."

"हो. बांधणीच."

भिकाजीचं पुढचं बोलणं परीक्षेचं नव्हतं. आवाज उतरवून तो म्हणाला, "बाई, सडक्या खुंटावर कलम जगत नाय. मी चालीस वर्सा बगताव. काडी कितीपन चांगली असूंदे. खुंट सडलेला असला तर खाली खाली कापत जायाचा, जिता लाकूड लागेपरेंत. जरा जरी हात आकडता घेतला, तर वरची काडी मेलीच म्हनून समजा."

डॉक्टर इतका वेळ उभ्या होत्या. त्या स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"हाडाचंही तसंच आहे, काका. मेलेलं हाड राखाडी दिसतं. त्यातून रक्त येत नाही. खरवडत जायचं, खरवडत जायचं, आणि रक्ताचे बारीक टिपके उमटले की थांबायचं. तिथून जिवंत हाड सुरू होतं."

"कोनी शिकवला?"

"माझ्या सरांनी. तुम्हाला?"

"बापसानं."

भिकाजीला इतकी वर्षं वाटत होतं की ही गोष्ट आंब्याची आहे. बापाने त्याच्या हातात सुरी देऊन ती शिकवली, बापाला त्याच्या बापाने. आणि इथे ही शहरात शिकलेली बाई तेच सांगत होती, माणसाच्या हाडाबद्दल. झाडाला आणि माणसाला एकच नियम लावून ठेवणारा जो कोणी असेल, त्याच्यापुढे भिकाजीला हात जोडावेसे वाटले. समोर डॉक्टर होत्या, म्हणून त्याने त्यांच्यापुढेच जोडले.

"खय सही करू ता सांगा," तो म्हणाला.

सही झाली, पण शस्त्रक्रिया दोन दिवस लांबली, कारण रक्तात साखर सापडली. तीही थोडीथोडकी नव्हे, तीनशेच्या वर. किती वर्षांपासून होती कुणास ठाऊक. भिकाजीने कधी तपासलीच नव्हती. तो सांगत सुटला की आपण गोड खातच नाही, आणि मालनने डॉक्टरांसमोर एप्रिल-मे महिन्यांतल्या आंब्यांचा हिशेब काढला. इन्शुलिन देऊन साखर खाली आणली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं.

आतलं त्याला फारसं आठवत नाही. डोक्यावर मोठा दिवा होता आणि हिरव्या कापडावर हत्यारं ओळीने मांडली होती. बारीक, अतिबारीक, वाकडी, चमच्यासारखी. हत्यारांचा त्याला नाद होता. त्यातलं एक हातात घेऊन धार बघावी असं त्याला फार वाटलं. नाकावर काहीतरी आलं आणि तेवढ्यात दिवा विझल्यासारखा झाला.

सहा तास लागले. मालनने बाहेर किती देवांना नवस बोलले ते तिने नंतरही सांगितलं नाही, फक्त ते फेडायला तीन वर्षं पुरणार नाहीत एवढं म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर भिकाजीने आधी पायाचा अंगठा हलवून बघितला. म्हणजे मनाने हलवला, अंगठा होता तिथेच राहिला. डॉक्टर रोज सकाळी येत, हातात एक टाचणी घेऊन. तळव्यावर टोचून विचारत, "लागलं?" भिकाजी म्हणे, "नाय." दुसऱ्या पायाला टोचत. "लागलं?" "नाय." मग त्या काहीतरी लिहून घेत आणि जात. असे पाच दिवस गेले. ताप यायचाच. मालन त्याचे पाय चोळत बसे आणि ती चोळतेय हे त्याला बघूनच कळे. चौथ्या दिवशी तिला तोंडात पदर धरून रडताना त्याने पाहिलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

पाचव्या दिवशी टाचणी झाल्यावर त्याने डॉक्टरांना थांबवलं.

"खरा सांगा. जित्या हाडापरेंत गेलात?"

"गेले," डॉक्टर म्हणाल्या. "शेवटी एक राखाडी ठिपका राहिला होता. मज्जारज्जूला अगदी चिकटून. मध्ये कागदाइतकंच अंतर. तेवढ्या ठिपक्यालाच पाऊण तास गेला."

"सोडलात काय?"

"नाही सोडला."

"माजा बोलना आठवला आसंल."

"नाही हो काका," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा काहीच आठवत नाही. तुमचं नाव पण आठवत नव्हतं मला."

मालनला वाटलं, याला वाईट वाटणार. पण भिकाजी खुदकन हसला. इस्पितळात आल्यापासून पहिल्यांदाच. काडी चिरेत बसवताना घराला आग लागली असती तरी त्याला कळलं नसतं, हे त्याचं त्याला माहीत होतं. त्या पाऊण तासात या बाईच्या हातात आपला जीव होता आणि तिला आपण कोण तेही माहीत नव्हतं, ही गोष्ट त्याला फार मोठी वाटली. त्या दिवसापासून तो त्यांना 'बाई' म्हणायचा बंद झाला. 'बाय' म्हणायला लागला, घरच्या लेकीला म्हणतात तसं.

सहाव्या दिवशी डॉक्टर टाचणी न घेता आल्या.

"काका, गेल्या पावसाळ्यात काही जखम झाली होती का? हाताला, पायाला?"

"जकम?" मालनच आधी बोलली. "अवो, त्यांच्या बोटाला रोजचीच. सुरी हातात आनि तोंड भलतीकडं."

"बोट कापलं की काय करता?"

"काय करायचा?" भिकाजी म्हणाला. "चिमूटभर ओली माती घ्यायची नि दाबून धरायची. रगत थांबता. बापूस तेच करायचा."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. मग त्यांनी सांगितलं. आतून काढलेलं हाड त्यांनी प्रयोगशाळेत दिलं होतं. टीबी निघाला नाही. जंतू वाढवून बघायच्या बशीत वेगळंच काहीतरी उगवलं. असलं काही उगवलं की बाहेरून पडलं असेल म्हणून पुष्कळदा टाकून देतात. पण इथल्या प्रयोगशाळेतल्या बाई चिवट. त्यांनी ते टाकलं नाही, पुढे मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि काल रात्री उत्तर आलं. मेलिऑइडोसिस. क्वचित सापडणारा आजार, त्यातही मणक्यात आणखी क्वचित. त्याचा जंतू ओल्या मातीत राहतो. चिखलात काम करणाऱ्या कितीतरी लोकांच्या अंगाला तो लागतो आणि त्यांना काहीच होत नाही. भिकाजीच्या रक्तात साखर होती, आणि जखमेवर माती त्याने स्वतःच्या हाताने दाबली होती.

भिकाजीने ते नाव तीनदा म्हणून बघितलं. तिन्हीदा वेगळं आलं.

"सुरी दर ईस कलमांनी उकलत्या पान्यात बुडवताय," मालन म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "कलमाला घान लागंल म्हनून. पोरांनी सुरीला हात लावला तरी वरडताय. आनि सोताच्या बोटाला माती! कलमापरीस तुमचा बोट हलका काय वो?"

भिकाजीने डाव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरला. नखाच्या बाजूला जुनी पांढरी रेघ होती. जुलैतली असेल, नाहीतर ऑगस्टमधली, रेघा पुष्कळ होत्या. यांतल्याच एकीतून डोळ्याला न दिसणारा एक कण आत शिरला. अंगठ्यातून हातात, हातातून रक्तात, तिथून फिरत फिरत त्याने नेमकी पाठीतली जागा धरली आणि गुपचूप आठ महिने हाड खाल्लं. भिकाजीला भीती वाटलीच, पण भीतीहून नवल जास्त वाटलं. एवढ्याशा कणाने एवढा मोठा माणूस आडवा केला, आणि कोण्या एका बाईने तोच कण बशीत ओळखून धरला.

"माती असली कशी वो?" मालन हळूच म्हणाली. "जन्मभर तिच्यात राबले हे."

"तिचा काय दोस?" भिकाजी म्हणाला. "ती तिच्या जागी व्हती. मीच तिला आत घेतला."

टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. नवी इंजेक्शनं सुरू झाली, शिरेतून, दिवसातून तीनदा. ती बरेच आठवडे घ्यायची आणि नंतर गोळ्या काही महिने, एकही न चुकवता, असं डॉक्टरांनी भिकाजीला नाही, मालनला बजावलं. नवव्या दिवशी संध्याकाळी ताप आलाच नाही. मालन दर अर्ध्या तासाने कपाळाला हात लावून बघत राहिली, शेवटी तो वैतागला.

पण पाय तसेच होते. टाचणी रोज टोचली जायची आणि 'नाय' रोज म्हटलं जायचं. फक्त तेराव्या दिवशी मांडीचा स्नायू जरासा आवळला आणि पंधराव्या दिवशी उजवा गुडघा अंथरुणावर बोटभर वर आला. हालचाल यायला लागली होती. डॉक्टर म्हणाल्या, जोर आधी येतो कधीकधी, स्पर्श मागून येतो. आणि कधी येतच नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. पायाखाली काय आहे ते कळत नसेल तर चालणाऱ्याला सतत खाली बघत चालावं लागतं. उताराच्या, चिखलाच्या जागेत तर फारच कठीण. नर्सरीची सगळी जागा उताराची आणि चिखलाची होती.

बाविसाव्या दिवशी त्याला उभं करायचं ठरलं. दुपारची वेळ होती, फरशी पुसणारी बाई नुकतीच पुसून गेली होती. पाठीला पट्टा आवळला, समोर चार पायांचा वॉकर ठेवला. एका बाजूला मालन, दुसऱ्या बाजूला डॉक्टर.

"कमरेतून नाही, हातांवर जोर द्या. हां. या वर."

भिकाजी उठला. गुडघे लटपटले आणि धरले. जवळजवळ महिन्याने जग पुन्हा उभं दिसायला लागलं. त्याने ताबडतोब खाली बघितलं, पावलं लादीवर आहेत ना म्हणून. होती. पण हे डोळ्यांनी सांगितलं होतं, पावलांनी नाही.

"खाली नका बघू, काका. समोर बघा."

समोर खिडकी होती. खिडकीबाहेर पत्र्याच्या छपरावर एक कावळा भाकरीचा तुकडा दोन्ही पायांत धरून टोचत होता. भिकाजीने कावळ्याकडे बघायचं ठरवलं. कपाळावरून घाम ओघळला. आपण कशावर उभे आहोत ते कळत नव्हतं. हवेत टांगल्यासारखं वाटत होतं, दंडांचा जोर संपत आला होता आणि मालनची बोटं त्याच्या हातात रुतली होती.

"बसायचाय काय?" तिने विचारलं.

तो नाही म्हणणार होता, की हो, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात डाव्या टाचेत काहीतरी झालं. कळ नव्हती, मुंगीही नव्हती. दूरवरून कुणीतरी हाक मारावी तसं काहीतरी टाचेतून सरकत आलं, तळव्याच्या मधोमध पसरलं, आणि मग ते काय आहे ते त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता.

"काय झाला?" मालन घाबरली. "दुकताय काय? अवो, बोला की!"

"मालन," तो म्हणाला, "लादी गार हाय गो."

मालनला काही समजेना. ती एकदा त्याच्याकडे आणि एकदा डॉक्टरांकडे बघत राहिली. मग डॉक्टर गुडघ्यांवर बसल्या, त्याच्या डाव्या पावलाशेजारी ओल्या लादीवर आपला तळहात टेकवला, आणि तो तसाच टेकवून ठेवून म्हणाल्या, "हो काका. गार आहे."